पातळ भिंती, एक बेडरूम

जाहिरातीत लिहिलं होतं, एक बेडरूमचा फ्लॅट, पहिला मजला, गावातला मुख्य रस्ता, समुद्राचं दर्शन. समुद्राचं दर्शन व्हायचं ते बाथरूममध्ये स्टुलावर चढून, मान वाकडी केल्यावर. खाली पूर्वी खाटकाचं दुकान होतं. दुकान बंद पडलं, पण काचेतून छताचे लोखंडी आकडे अजून दिसत. इस्टेट एजंट कोवळा पोरगा होता, केसांना जेल चोपडलेला आणि दर वाक्याला ‘ग्रँड’ म्हणणारा. जिना अरुंद, पण ग्रँड. स्वयंपाकघर लहान, पण एका जोडप्याला ग्रँड.

“दोघांसाठीच बघताय ना?” त्याने विचारलं.

“एकटीसाठी.”

हे मी पहिल्यांदाच मोठ्याने बोलले. बोलताना डाव्या बरगडीत कळ आली, कारण त्याच आठवड्यात तिथे नवऱ्याची लाथ बसली होती. मी जिन्याच्या कठड्याला धरून उभी राहिले आणि पोरगा समजला की बाईला दम लागला.

त्याने मला सगळी कपाटं उघडून दाखवली. इथे परदेशात, कॉर्क शहराच्या भागात, कपाटाला प्रेस म्हणतात, आणि ज्या कपाटात गरम पाण्याची टाकी असते ते हॉट प्रेस. त्यात लोक टॉवेल आणि चादरी उबेला ठेवतात. आमच्या भाड्याच्या घरात नवरा त्यात मला ठेवायचा. पहिल्यांदा ठेवलं ते एका रविवारी दुपारी, बाहेर क्रिकेटची मॅच लागलेली असताना. मी त्याच्या मित्रांसमोर त्याला म्हणाले होते की कुकरच्या शिट्ट्या मोजायला तुझे हात मोडले का? मित्र हसले, जेवले, गेले. मग त्याने शांतपणे माझे केस धरले, हॉट प्रेसचं दार उघडलं, मला आत कोंबलं आणि बाहेरून खुर्ची लावली. टाकीचा पत्रा पाठीला भाजत होता. तो कधी आवाज चढवत नसे, मारतानाही नाही. आमच्या घरात आवाज माझा होता आणि हात त्याचा.

तर एजंटाने हॉट प्रेसचं दार उघडलं आणि मी मागे सरून भिंतीला टेकले.

“हे दार काढून टाकता येईल?” मी विचारलं.

“लोक आणखी प्रेस मागतात हो,” तो हसला. मग चेहरा पाडून म्हणाला, “एक सांगायलाच हवं. भिंती पातळ आहेत. शेजारच्या आजीबाई शिंकल्या तरी ऐकू येतं.”

मी भिंतीवर बोटाने टकटक केली. पलीकडून लगेच म्हातारा आवाज आला, “कोण आहे?”

तेव्हाच मी ठरवलं की हा फ्लॅट घ्यायचा. आमचं भाड्याचं घर नवं होतं, जाड भिंतींचं, तिहेरी काचांचं, उष्णता बाहेर जाऊ नये म्हणून बांधलेलं. त्या घरातून काहीच बाहेर जात नव्हतं. मी घसा फाडून ओरडले तरी शेजारचा माणूस हिरवळ कापत राही आणि दुसऱ्या दिवशी हात हलवून हवेबद्दल बोले.

आता कोणी म्हणेल, तू सांगितलं का नाहीस? इंग्रजीत सांगितलं होतं. डॉक्टरला सांगितलं, वकीलबाईला सांगितलं. इंग्रजीत ते वाक्य सरळ येतं, कोरडं, रिंगास्किडीच्या आमच्या औषधकारखान्यात मी रोज लॅबचे निष्कर्ष लिहिते तसं. मराठीत मात्र तोंड उघडायचं नाही. मराठीत मी तिखट होते. लहानपणापासून सगळं कोल्हापूर मला सांगत आलं होतं की हिच्या वाटेला जाऊ नका, राग हिच्या नाकाच्या शेंड्यावर. लग्नात मावश्यांनी जावयाची कीव केली होती. अशा बाईला नवरा मारतो म्हटलं तर लोक हसले असते. मी स्वतःही हसले असते. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात ना, पण इथे मूठ त्याची होती आणि झाकत मी होते.

आणि तो सगळ्यांचा लाडका! गणपतीत मखर तो करायचा, थर्मोकोल नको म्हणून पुठ्ठ्याचं. नव्या आलेल्या मुलांना विमानतळावरून तो आणायचा. इथल्या मराठी मंडळातल्या बायका मला म्हणत, नशीब काढलंस हो. मी त्यांच्याकडे रागाने बघायची आणि त्या म्हणत, बघा, कौतुकसुद्धा सोसत नाही हिला.

फ्लॅटचं काम हिवाळाभर रेंगाळलं. इथे ‘विक्री ठरली’ अशी पाटी लागली तरी खरं काही ठरलेलं नसतं; सह्या होईपर्यंत कोणीही मागे फिरू शकतं. मी रोज ऑफिसच्या गाडीतळावर बसून वकीलबाईला फोन करायची. पगार माझा होता आणि खातंही माझं होतं, तेवढी एक गोष्ट मी लग्नाआधीच्या हट्टाने जपली होती. त्यावरूनही मार खाल्ला होता. किल्ली हातात पडेपर्यंत त्याला कळू द्यायचं नाही, एवढंच मला करायचं होतं. कळलं असतं तर फ्लॅट गेला असता, आणि मी कुठल्या अवस्थेत राहिले असते ते मला ठाऊक होतं. एकदा त्याने माझा गळा धरला होता. सोडला तेव्हा म्हणाला, “बघ, मी थांबू शकतो.”

किल्ली मिळायची वेळ जवळ आली तेव्हा मी आईला बोलावून घेतलं. आई असली की तो देवमाणूस. सकाळी तिला चहा करून द्यायचा, तिच्या गुडघ्याला तेल आणून द्यायचा. आई आली आणि माझ्या अंगावरचे डाग पिवळे पडून नाहीसे झाले. मी तिला ढालीसारखी मध्ये उभी केली होती आणि तिला त्याचा पत्ता नव्हता. ती फोनवर भावाला सांगायची, “जावई म्हंजे सोनं हाय बघ. आपलीच पोरगी फटकळ.” मी भांडी घासता घासता ऐकायची आणि एखादं भांडं मुद्दाम आपटायची.

फ्लॅटबद्दल मी आईला अर्धंच सांगितलं. भाड्याने द्यायला घेतेय, त्याला सांगू नकोस, गंमत आहे. माझा बेत असा होता की आईला तिथे घेऊन जायचं, दोन बॅगा आधीच गाडीत टाकायच्या, तिथे बसवून तिला सगळं सांगायचं आणि परत फिरायचंच नाही. वकीलबाई सोमवारी कोर्टात जाणार होत्या, त्याला माझ्या जवळ यायला मनाई करावी म्हणून.

पण आई कुठली सरळ आत पाऊल टाकते! “नव्या घरात दूध उतू गेलं की मगच मी पाणी पितो,” ती म्हणाली. आमच्याकडच्या बायका ‘मी पितो, मी जातो’ असंच बोलतात, आईही. तिने कोल्हापूरच्या आमच्या गुरुजींना गाठलं. माझं लग्न त्यांनीच लावलं होतं. ते फोनवर दिसून पूजा सांगणार होते. नारळ कॉर्कच्या भारतीय दुकानात मिळाला. आंब्याची पानं नव्हती, म्हणून आईने गावच्या चर्चच्या कुंपणातली पाच पानं तोडली आणि पुन्हा कुंपणालाच नमस्कार केला.

शुक्रवारी किल्ली मिळाली. शनिवारी सकाळी आम्ही ‘खरेदीला’ म्हणून निघालो. नवरा दारात उभा राहून आईला म्हणाला, “सावकाश जा हं.”

फ्लॅटमध्ये आईने ओट्यावर पातेलं ठेवलं, कलश मांडला, नारळाला टेकवून फोन उभा केला. मी गाडीतून बॅगा आणायला खाली गेले. वर आले तर आईचा चेहरा फुललेला.

“अगं, गुरुजी गोत्र इचारत हुते. तुझ्या सासरचं गोत्र मला कुठलं ठावं? मी जावयास्नीच फोन लावला. कशापायी म्हणाले, तर सांगून टाकलं. पूजेला गंमत कसली करतीस? जोडीनं बसाया लागतं. येतोच म्हणाले बघ!”

माझ्या हातातून बॅग सुटली. जगातल्या कुठल्याही आईने हे गुपित फोडलं नसतं. फक्त माझ्याच आईने फोडलं, कारण गोत्राशिवाय संकल्प होत नाही. मला तिचा भयंकर राग आला. तिला गदागदा हलवावंसं वाटलं.

“आई, चल. आत्ताच्या आत्ता निघायचं.”

“दूध ठेवलंय गॅसवर. उतू जायच्या आधी उठायचं न्हाई.”

“मी सांगते म्हणून चल!”

“हाच तुझा सोभाव. ह्याच्यापायी एक दिवस संसार मोडशील.”

मी पळू शकले असते. आईला खांद्यावर टाकून नेलं असतं, एवढी ताकद त्या क्षणी माझ्यात होती. पण या चार भिंती मी पळण्यासाठी घेतल्या नव्हत्या. मी दाराला आतून कडी घातली, वकीलबाईच्या फोनवर निरोप ठेवला आणि आईला सांगायला तोंड उघडलं. नाहीच आलं. मी “आई, तो...” म्हणाले आणि आई गॅस बारीक करत म्हणाली, “व्हय व्हय, येतील की, रस्ता लांबचा हाय.”

बेल वाजली. मी आईच्या आधी दाराशी पोचणार, तर ती ओवाळणीचं ताट घेऊन आधीच तिथे. तिने कडी काढली. तो हसत आत आला, पावसाळी जॅकेट भिजलेलं. त्याने वाकून आईला नमस्कार केला. आईने त्याच्या कपाळाला कुंकू लावलं आणि जाऊन गॅस मोठा केला. फोनमधून गुरुजी म्हणाले, “या, या, यजमान आले.”

त्याने घर पाहिलं. स्वयंपाकघर, खिडकी, दाराशी पडलेल्या दोन्ही बॅगा. बॅगा पाहून तो क्षणभर थांबला.

“छान आहे,” तो मला म्हणाला. “एकच बेडरूम. मग मी कुठे झोपायचं?”

“तू नाहीस इथे झोपायला.”

हे मी मराठीत म्हणाले, माझ्या नेहमीच्या आवाजात, आणि मला फार बरं वाटलं.

त्याने दंड धरून मला बेडरूममध्ये ओढलं आणि पायाने दार लोटलं. पहिली थप्पड कानावर बसली, त्या कानात मग शिट्टीच वाजत राहिली. दुसरी तोंडावर. दाताने ओठ फाटला. मी त्याच्या अंगठ्याच्या मुळाशी चावले, रक्त येईपर्यंत चावले, आणि सोडलं नाही. त्याने माझं डोकं भिंतीवर आपटलं. पलीकडून आजीबाईंचा आवाज आला, “काय चाललंय तिकडे?” त्याने पुन्हा आपटलं. तेव्हा पलीकडून काठीने धडाधड भिंत वाजायला लागली, आणि त्याही गोंधळात मला आठवलं की एजंटाने हा दोष म्हणून सांगितला होता.

“मदत करा!” मी इंग्रजीत ओरडले. “पोलिसांना बोलवा!”

तो आता पहिल्यांदा घाबरला, आणि घाबरल्यावर आणखी वाईट झाला. माझे केस मुठीत गुंडाळून त्याने मला घरातल्या बोळात ओढत आणलं. हॉट प्रेसचं दार मी अजून काढलं नव्हतं. त्याला ते बरोबर सापडलं, इतकी असल्या दाराची त्याला सवय. मी खाली बसून चौकटीला दोन्ही हातांनी धरलं. त्याने बुटाच्या टाचेने माझ्या एका हाताची बोटं ठेचली. बोटं सुटली. मी आडवी पडले आणि तेव्हा मला आई दिसली.

ती स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिने पदर खोचला होता. पातेलं तिने दोन्ही बाजूंनी हातरुमालांनी धरलं होतं आणि दूध काठापर्यंत फुगलेलं. दोन पावलं पुढे आली आणि वाळत घातलेल्या मिरच्यांवर आलेल्या म्हशीला हाकलावं तशी सहज, तिने सगळं दूध त्याच्यावर फेकलं.

तो किंचाळला. दोन वर्षांच्या संसारात मी त्याचा चढलेला आवाज तेव्हा पहिल्यांदा ऐकला. जॅकेटमुळे छाती वाचली; मान, कान आणि एक गाल भाजला. तो नळाकडे धावला. आईने रिकामं पातेलं उचलून धरलं आणि त्याच्यामागे जाऊन ते त्याच्या पाठीत घातलं. मग पुन्हा घातलं. मी तिला थांबवलं नाही. मी जमिनीवर बसून मोडकी बोटं छातीशी धरली आणि ओरडत होते, “मार, अजून मार,” आणि फोनमध्ये गुरुजी “वहिनी! वहिनी!” करत होते.

गार्ड, म्हणजे इथले पोलीस, लवकर आले. एक धिप्पाड माणूस आणि एक तरुण बाई. त्याला खाली नेलं; खिडकीतून मला सगळं दिसत आणि ऐकू येत होतं. अँब्युलन्सच्या पायरीवर बसून तो मान ओल्या फडक्याने झाकून त्यांना सांगत होता की सासू वेडी आहे. अख्खं गाव फुटपाथवर उभं होतं. उभं राहू दे, मी म्हटलं. आजवर कोणी उभं राहिलं नव्हतं.

गार्डबाई माझ्यासमोर उकिडवी बसली. “हे आधी कधी झालं आहे का?”

“हो,” मी इंग्रजीत म्हणाले. “लग्नाच्या पहिल्या महिन्यापासून.” आणि सांगत गेले. बरगडी, गळा, हॉट प्रेस, सोमवारचं कोर्ट. ती लिहून घेत होती. मग तिने विचारलं, दूध कोणी टाकलं? ‘मिल्क’ एवढं आईला कळलं. तिने शाळेतल्या मुलीसारखा हात वर केला.

“सांग तिला, म्या टाकलं. सांग, पातेलं लहान पडलं.”

पातेल्याचं मी भाषांतर केलं नाही.

“काय सांगिटलंस तिला तू?” आई म्हणाली. “एवढा येळ बोलत हुतीस. काय सांगिटलंस?”

मी आईकडे बघितलं. तिच्या तळहाताला फोड आले होते, साडीवर दूध सुकत होतं. जे वाक्य डॉक्टरला, वकिलाला, आता पोलिसाला सहज सांगितलं ते मराठीत जिभेवर येईना. ओठ फाटला होता म्हणून नाही.

“आई, तो मला मारतो. पहिल्यापासून मारतो.”

आई उभीच राहिली. ती रडली नाही, मला जवळ घेतलं नाही. ती त्या हॉट प्रेसच्या उघड्या दाराकडे बघत होती. मग म्हणाली, “आणि मी त्याला पत्ता दिला.” आणि फडकं घेऊन खाली बसली आणि फरशीवरचं दूध पुसायला लागली.

गार्ड म्हणाले, जबाब पूर्ण करायला नंतर ठाण्यावर यावं लागेल, आईलाही. आधी माझ्या बोटांचा एक्स-रे. धिप्पाड गार्ड जाता जाता म्हणाला की त्याला आज इथे परत येऊ देणार नाही, आणि सोमवारी कोर्ट आहेच. तेवढ्यात शेजारच्या आजीबाई काठी टेकत आल्या. त्यांच्या हातात ट्रे होता, चहाची किटली, बिस्किटं आणि दुधाचा जग. इथे काहीही झालं, माणूस मेला तरी, आधी चहा येतो. त्या आईच्या हाताकडे बघून ‘अरे देवा’ अशा अर्थाचं काही पुटपुटल्या आणि कप भरायला लागल्या.

आईने चहाकडे बघितलंही नाही. तिने ट्रेमधला दुधाचा जग उचलला, पातेल्यात ओतला, पोचे पडलेलं पातेलं गॅसवर ठेवलं. मग फोन पुन्हा नारळाला टेकवून उभा केला. गुरुजी अजून तिथेच होते, घामाघूम.

“वहिनी, आज राहू द्या. पुढचा मुहूर्त काढून देतो.”

“आजच करायचं,” आई म्हणाली. “हिला दवाखान्यात न्यायचंय, बेगीनं सांगा. बस गं पाटावर.”

पाट नव्हता. मी बॅगेवर बसले, यजमानाच्या जागी, एकटीच. आईने माझ्या धड हातावर पळीने पाणी घातलं.

“पण गोत्र...” गुरुजी चाचरले. “लग्न झालेल्या मुलीचं गोत्र सासरचंच धरावं लागतं. शास्त्र आहे तसं.”

आईने फोन नारळावरून उचलला आणि तोंडासमोर धरला.

“कन्यादान केलं तवा समोर कोण बसलं हुतं? तुमीच न्हवं? तुमच्याच म्होरं ही पोर म्या दिली हुती. आता तुमच्याच म्होरं परत घेतो. आमचं गोत्र कौशिक. म्हणा.”

आजीबाईंना एक अक्षर कळत नव्हतं, तरी त्यांनी कप खाली ठेवला. मग गुरुजींनी घसा साफ केला आणि म्हणाले, “कौशिक गोत्रोत्पन्न...” आणि पुढे माझं नाव घेतलं, माझं आणि माझ्या वडिलांचं, लग्नाआधी होतं तसं. मी हातातलं पाणी ताम्हनात सोडलं. मागे दूध उतू जाऊन शेगडीवर चरचरलं आणि आम्ही कोणीच ते बंद करायला उठलो नाही.